तेरच्या मणियार गल्लीतलं अजायबघर

सव्वीस जानेवारीचं झेंडावंदन झालं, मुलींना लिमलेटच्या गोळ्या वाटून झाल्या, आणि मी अन् जुबेदा शाळेच्या फाटकातून थेट एसटी स्टँडकडे सुटलो. जोडून रविवार आला होता. दोघींच्या मिळून एका पिशवीत दोन लुगडी, शेंगदाण्याची चटणी, भाकरी आणि मुख्याध्यापकांनी दिलेला एक कोरा कागद. त्या कागदावर सही घेऊन यायची होती, आणि ती मिळेल की नाही याची दोघींनाही खात्री नव्हती.

महाराष्ट्र राज्य होऊन दोन-तीन वर्षंच झाली होती तेव्हाची ही गोष्ट. मी कळंबच्या मुलींच्या शाळेत इतिहास शिकवायची. माहेर बार्शीचं, त्यामुळं 'लई' आणि 'व्हय'ची सवय होती, पण मुली बोलता बोलता 'दवाखाना' सोडून 'शफाखाना' म्हणाल्या की मी गोंधळायची. मग जुबेदा सांगायची. ती कळंबचीच, उर्दू शिकवायची आणि माझ्यापेक्षा वळणदार मराठी लिहायची.

एकदा वर्गात अजिंठ्याचा धडा चालला होता. तेरहून शिकायला आलेली सुमन उभी राहून म्हणाली, "बाई, आमच्या तेरात बी अजायबघर हाय. मणियारचाचाच्या घरात." सगळा वर्ग हसला. खरं सांगते, मीही हसले. दुसऱ्या दिवशी तिनं माझ्या टेबलावर एक मणी आणून ठेवला. ज्वारीच्या दाण्याएवढा लाल दगड, घासून गुळगुळीत केलेला, आणि त्यातून आरपार गेलेलं केसाएवढं भोक. "असले मणी, जुन्या फुटक्या बांगड्या, आमच्या हितं पांढरीवर घावत्यात," ती म्हणाली. गावाशेजारच्या पांढऱ्या मातीच्या जुन्या टेकाडांना तिकडं पांढर म्हणतात. मी मणी उजेडासमोर धरला आणि मला माझ्या हसण्याची लाज वाटली.

मुख्याध्यापकांना म्हटलं, सहल काढू. ते म्हणाले, "आधी तुम्ही बघून या. तीस मुली कुणाच्या घरात न्यायच्या म्हणजे घरमालकाची लेखी संमती पाहिजे." म्हणून तो कागद.

थेट गाडी फार उशिरा होती. आम्ही एसटीनं येडशी गाठली आणि तिथून छोट्या रुळाच्या आगगाडीत बसलो. तुमच्यापैकी जे तरुण आहेत त्यांना ती गाडी बघायला मिळाली नाही, याचं मला खरंच वाईट वाटतं. डबा एवढा अरुंद की समोरच्याच्या गुडघ्याला गुडघा लागायचा, आणि खिडकीतून हात काढला तर ज्वारीचं कणीस हातात येईल असं वाटायचं. आमच्या समोर मुंडासं बांधलेले एक आडतवाले बसले होते.

"कुठं, तेरला? गोरोबाकाकाच्या दर्शनाला?"

"अजायबघर बघायला," जुबेदा म्हणाली.

"कशाचं वो?"

"जुन्या फुटक्या बांगड्यांचं."

गृहस्थांनी आम्हा दोघींकडं आळीपाळीनं बघितलं. "फुटक्या बांगड्या बघाया कळंबाहून आलात? मग आमच्या घरी चला की. तीन सुना हायत, रोज फुटत्यात." सगळा डबा हसला आणि त्यांनी आम्हाला धोतराच्या सोग्यातल्या ओल्या तुरीच्या शेंगा दिल्या.

ढोकीच्या स्टेशनावर सुमनचे वडील बैलगाडी घेऊन आले होते. गाडीत कडब्यावर घोंगडं टाकलेलं. तेरपर्यंतचा रस्ता कच्चा, चाकोऱ्या खोल, पण दोन्ही बाजूंना हुरड्यात आलेली ज्वारी आणि मधूनच करडईचं काटेरी हिरवंगार पीक. वाटेत त्यांनी गाडी सोडून शेतातच आगटी पेटवली. गरम हुरडा, वर लसणाची चटणी. सगळ्या प्रवासाचा दोघींचा खर्च पाच रुपयांच्या आतला होता. खाण्याचा तर काहीच नाही, कारण कुणी घेईचना. त्यांच्या घरी संध्याकाळी येसर आमटी आणि बाजरीची भाकरी जेवलो. येसर आमटी ज्यांना माहीत नाही त्यांनी मराठवाड्यात कुणाच्या तरी घरी ओळख काढावी; हॉटेलात ती चव येत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आधी त्रिविक्रमाचं देऊळ. विटांचं, मागून गोल, हत्ती बसला आहे असं वाटणारं. आत थंड अंधार आणि पाऊल उचललेली उंच मूर्ती. आम्ही दोघी कितीतरी वेळ बाहेरच्या भिंतीला हात लावून उभ्या होतो. मग सुट्टीसाठी आधीच घरी आलेली सुमन आम्हाला मणियार गल्लीत घेऊन गेली.

गल्ली म्हणजे दहा-बारा घरं. बांगड्या विकणाऱ्यांची तीन-चार, बाकी शेतकरी. आणि तिथं पाऊल टाकल्यावर कळलं की अजायबघर एका घरात नव्हतंच, ते गल्लीभर पसरलं होतं. पहिल्याच दारात एक म्हातारी चटणी वाटत होती. पाटा दगडी, पण त्याला खालून चार पाय होते, चौरंगासारखे! असला पाटा मी जन्मात बघितला नव्हता.

"आजी, हा कुठला?" मी विचारलं.

"माझ्या सासूच्या सासूला नांगरटीत घावला. का? तुमाला पायजे?"

"नको नको. किती जुना असेल?"

"मला काय ठावं? चटणी झ्याक वाटतीया." आणि तिनं आमच्या तिघींच्या तळहातावर एकेक बोट चटणी ठेवली. झणझणीत होती.

पुढच्या अंगणात तात्या म्हणून एक शेतकरी होते. पाहुणे आलेत म्हटल्यावर त्यांनी आतून एक लालसर वीट आणली, चांगली हातभर लांब. "बाई, ही पाण्यात टाकली तर काय हुईल?"

"बुडेल."

"पैज?"

त्यांनी वीट घंगाळात सोडली. ती बुडाली, पुन्हा वर आली आणि होडीसारखी डुलत तरंगायला लागली. जुबेदानं ती दोनदा बोटानं खाली दाबली, दोन्ही वेळा ती वर आली. जुन्या लोकांनी मातीत भुसा मिसळून विटा भाजल्या, भुसा जळून आत पोकळी राहिली, असं मला पुढं वाचायला मिळालं. तात्यांचं म्हणणं मात्र वेगळं होतं. "आमच्या गावची वीट हाय, तिला बुडायची सवय न्हाय."

आणि मग करीमचाचांचं, म्हणजे सुमनच्या मणियारचाचांचं घर.

पुढची खोली दुकानाची. एका भिंतीला दोरीत ओवलेल्या बांगड्यांच्या माळा, हिरव्या, लाल, सोनेरी ठिपक्यांच्या. समोरच्या भिंतीला काचेचं दार लावलेलं लाकडी कपाट आणि शेजारी बिस्किटांच्या डब्यांची रास. चाचा साठीचे, पांढरी दाढी मेंदीनं लाल केलेली. त्यांची बायको हलिमाचाची दारात बसून एका नव्या नवरीला चुडा भरत होत्या.

चाचांनी एकेक डबा उघडला. एकात मणी, रंगाप्रमाणं वेगळे केलेले. एकात मातीच्या पणत्या. एकात शिक्के उमटवलेली झिजलेली नाणी. आणि कपाटात, काचेमागं, शंखातून कापून काढलेल्या बांगड्यांचे तुकडे. प्रत्येक तुकड्याशेजारी चाचांनी आजची एक काचेची बांगडी ठेवली होती, त्याच मापाची.

"पाऊस पडला की पांढरीची माती वाहून जाती," ते सांगू लागले. "मग बायका-पोरींना हे तुकडं घावत्यात. म्या सांगून ठेवलंय, जुना तुकडा आणा, नव्या चार बांगड्या भरून जावा. लोक हसले. म्हणले, मणियाराचं डोकं फिरलं, फुटकं घेतो आन् नवं देतो."

"अजूनबी फिरलेलंच है," चाची चुड्यावरची नजर न काढता म्हणाल्या.

"पण चाचा, तुम्हाला हे का वाटलं?" मी विचारलं.

"बाईसाब, माझा बाप मणियार, आजा मणियार. मला वाटायचं, आमचाच धंदा जुना. मग एक दिवस हा तुकडा हातात आला. म्हटलं, अरे, माझ्या आधी हितं कुणीतरी दुकान टाकलं होतं."

प्रत्येक वस्तूखाली उर्दूत लिहिलेली चिठ्ठी होती: कुणाच्या शेतात, कुणाला सापडली. जुबेदा त्या भराभर वाचून मला मराठीत सांगत होती. चाचा तिच्याकडं बघत राहिले. "हल्ली लोक येत्यात, चिठ्ठी बघत्यात आन् जात्यात. कुणाला वाचायलाच येईना." जुबेदा म्हणाली, "शाई-कागद द्या, आत्ता मराठीत लिहून देते." आणि ती तिथंच चटईवर बसून लिहायला लागली.

ही चांगली वेळ आहे असं बघून मी सहलीचं काढलं. चाचांचा चेहरा उतरला.

"तीस पोरी? नक्को बाई. मागं हितल्याच शाळंची पोरं आली. एकानं पणती उचलली, खलास. लहान हात हायत, निसटतं."

मी त्यांना शब्द दिला. एकही मुलगी कशालाही हात लावणार नाही. रांगेत उभ्या राहतील, हात मागं बांधून. मी स्वतः लक्ष ठेवीन. इतिहासाची शिक्षिका आहे, मला या वस्तूंची किंमत कळते, वगैरे वगैरे. बरंच बोलले. शेवटी चाचा म्हणाले, "तुमच्या जबानीवर." कागदावर त्यांनी मजकूर लिहिला, सही करता करता दौतीतली शाई संपली म्हणून नवी आणायला आत गेले.

कपाटाचं दार उघडंच होतं. आत मधोमध एक मातीची बाहुली उभी होती, वीतभर उंचीची. डोक्यावर भलामोठा अंबाडा, कानात मोठी कुंडलं, आणि मनगटापासून कोपरापर्यंत बांगड्याच बांगड्या. विहीर खणताना निघालेली. चाचांनी तिला बावीस वर्षं जपली होती. "जुबेदा, हिचा चुडा बघ," असं म्हणत मी ती उचलली.

माझ्या हाताला घाम आला होता. ती निसटली आणि शहाबादी फरशीवर पडली.

आवाज लहानसाच झाला. बाहुली उभी चिरली होती, पुढची बाजू एकीकडं, पाठीची एकीकडं. जुबेदाच्या हातातला टाक तसाच राहिला. "या अल्ला, कुसुम," एवढंच ती म्हणाली. चाचींची पाठ आमच्याकडं होती, त्यांचं लक्ष नवरीच्या हाताकडं. त्यांना काही कळलं नव्हतं.

मी दोन्ही तुकडे उचलले आणि एकमेकांना लावले. ते बरोब्बर बसले. सांधा दिसेना. कपाटात ठेवून दिली असती तर ती तशीच उभी राहिली असती, कदाचित महिनोन् महिने. हे सांगायला मला आज साठ-बासष्ट वर्षांनीही संकोच वाटतो, पण मी कपाटाकडं एक पाऊल टाकलं होतं. मग आतून चाचांच्या पावलांचा आवाज आला आणि मी तिथंच थांबले.

"चाचा," मी म्हणाले, "माझ्या हातून फुटली."

त्यांनी दौत खाली ठेवली. माझ्या हातातून दोन्ही तुकडे घेतले आणि चटईवर बसले. चाची वळल्या, त्यांनी बघितलं आणि नवरीचा हात सोडला. मी सही राहिलेला कागद उचलला. "हा फाडून टाकते," म्हटलं. रागावले असते तर बरं झालं असतं.

चाचांनी पाठीचा तुकडा उलटा केला. आतली बाजू पोकळ होती. ते एकदम उठले आणि दारात उजेडाला गेले.

"बाईसाब, हिकडं या."

मी गेले. बाहेरून जी बाई इतकी गुळगुळीत, इतकी नटलेली, ती आतून खडबडीत होती, आणि त्या मातीत बोटांचे ठसे होते. कुणीतरी साच्यात ओली माती भरून बोटांनी दाबली होती. ओळीनं ठसे उमटले होते, वरपासून खालपर्यंत. बोटांवरच्या बारीक रेघाही दिसत होत्या. एका मोठ्या ठशावर आडवी चीर होती. कापलेल्या अंगठ्याचा व्रण.

चाचांनी आपलं बोट ठशावर ठेवलं. मावेना. मग म्हणाले, "हा बाईमाणसाचा हात हाय."

"कशावरून?" जुबेदानं विचारलं.

"चाळीस वर्सं बायकांचे हात हातात घेतोय. दोनच्या बांगडीचा हात. लई झालं तर सव्वादोन." त्यांनी मान वळवली. "हलिमा, इधर आ."

चाची उठून आल्या. त्यांनी ओढणीला बोटं पुसली, एकेक बोट त्या ठशांवर टेकवलं, शेवटी अंगठा. बसला. चाचींनी हात तसाच ठेवला. गल्लीत कुणीतरी बकरीला हाका मारत होतं.

"बावीस साल," चाचा म्हणाले, "म्या हिला भायरनंच बघत बसलो." त्यांचे डोळे भरले होते, आणि ते हसतही होते.

मग त्यांनी कागद माझ्या हातातून घेतला आणि सही केली.

"चाचा, अहो, मी..."

"पोरींनी हे बघायला नको व्हय? आणा तीस. चाळीस आणा. पण अट बदलली." त्यांनी माझ्याकडं बोट केलं. "पोरी हात लावतील. बाई लावणार न्हाईत."

नव्या नवरीला इतकं हसू आलं की तिचा अर्धा चुडा चाचींनी पुन्हा मोजून भरला.

जुबेदानं बाहुलीची नवी चिठ्ठी लिहायला घेतली. चाचा सांगत होते: विहिरीत सापडली, अमक्याच्या शेतात, कळंबच्या बाईंच्या हातून फुटली. म्हटलं, लिही, खरं ते खरं. जुबेदा अडखळली. तेव्हा चाची म्हणाल्या, "फुटली कशाला लिव्हतीस? उघडली लिव्ह." चाचांनी जरा विचार केला आणि मान हलवली. चिठ्ठीत तसंच लिहिलं गेलं.

निघताना चाचींनी आम्हा दोघींना बांगड्या भरल्या. माझा हात घट्ट आहे असं त्या म्हणाल्या, आणि हात सैल सोडायला शिक असंही. ढोकीच्या स्टेशनापर्यंत पुन्हा बैलगाडी, पुन्हा ती इवलीशी आगगाडी. परतीच्या वाटेवर जुबेदा मला सारखी चिडवत होती. सुमनच्या घरून दिलेली पाण्याची सुरईसुद्धा तिनं मला धरू दिली नाही.

कळंबला आल्यावर मुख्याध्यापकांना सगळं सांगितलं, वर्गात मुलींनाही सांगितलं. सगळ्यांना एकदम बोलायचं होतं. फेब्रुवारीत सहल गेली. एकेक मुलगी दारातल्या उजेडात जाऊन त्या ठशांवर बोटं ठेवत होती, चाचा प्रत्येकीच्या हाताचं माप सांगत होते, आणि मी कबूल केल्याप्रमाणं हात मागं बांधून उभी होते.

आता कुणाला जायचं असेल तर धाराशिवहून तेरला एसटी मिळते, रस्ता डांबरी आहे, तिथं चांगलं सरकारी वस्तुसंग्रहालयही आहे. सुट्टीचा वार आधी विचारून घ्या. देऊळ सकाळीच बघा. टेकाडांवर काही दिसलं तरी उचलू नका, आता तो गुन्हा आहे. चाचा-चाची केव्हाच गेले. त्यांच्या डब्यांतलं काय कुठं गेलं, ते मला नक्की सांगता येणार नाही. जुबेदा आणि मी मात्र निवृत्त होईपर्यंत एकाच शाळेत होतो.

पुढं मी हैदराबाद पाहिलं, मुंबई पाहिली, दिल्लीही पाहिली. मोठमोठी दालनं, काचा, दिवे. प्रत्येक ठिकाणी मी वस्तूच्या मागून, खालून, आतून काही दिसतं का ते बघायला वाकते आणि पहारेकरी हटकतो. हसू येतं. एवढी मोठी राजेरजवाड्यांची नावं शिकवली, परीक्षेत विचारली, आणि लक्षात राहिली ती अंगठ्यावर व्रण असलेली एक बाई, जिचं नाव कुणालाच माहीत नाही.

परवा मी कणकेचे दिवे करत होते. सून शेजारी होती. म्हणाली, "आई, आतून जरा तुपाचा हात फिरवा ना, तुमच्या बोटांचे ठसे दिसतायत."

"दिसू दे," मी म्हटलं, आणि पुढचा गोळा घेतला.